मुलाने मोठं हॉटेल घेतलंय, मला मात्र काशीच्या गल्लीतच उतरायचंय

पत्र : नाशिकच्या एक वाचक भगिनी लिहितात. वय ६३, पोस्टातून निवृत्त. १९९१ साली त्या पतीबरोबर काशीला गेल्या, तेव्हा पंचगंगा घाटामागच्या गल्लीत एका साध्या लॉजवर चार दिवस मुक्काम केला होता. पुन्हा यायचं, असं तिथेच ठरलं होतं. ते राहूनच गेलं. दोन वर्षांपूर्वी पती हृदयविकाराने गेले. येत्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या एका मैत्रिणीबरोबर सात दिवसांसाठी काशीला निघाल्या आहेत. पुण्यातल्या मुलाने कॅन्टोन्मेंट भागातल्या मोठ्या हॉटेलात खोली घेऊन ठेवली आहे, रोजचे साडेसहा हजार. त्यांना मात्र गल्लीतल्या नऊशे-हजाराच्या खोलीतच उतरायचं आहे. मुलगा म्हणतो, 'आता आपल्याला काय कमी आहे, म्हणून तू तसल्या जागी राहायचं?' बीपीची गोळी चालू आहे, डावा गुडघा दुखतो. मुलाचं मन मोडायचं का, आणि या वयात हा हट्ट शोभतो का, असं त्या विचारतात.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पैशांची ओढाताण आहे. दुसऱ्यांदा एका ओळीपाशी थांबले. तुम्ही लिहिलंय, 'पहाटे खिडकी उघडली की समोरच्या दोन घरांच्या फटीतून गंगेची एक पट्टी दिसायची, हे तिथे उभं राहून चहा प्यायचे.' आणि पुढच्याच ओळीत तुम्ही रेल्वेच्या तिकिटांवर गेलात. मी मात्र तिथेच रेंगाळले. तुम्हाला ती खिडकी हवी आहे. हे मुलाला सांगितलंत का? पत्रावरून तरी दिसतं की त्याला तुम्ही 'एवढे पैसे कशाला घालवायचे' एवढंच म्हणालात. आईने पैशांचं कारण पुढे केलं की कमावत्या मुलाचं उत्तर ठरलेलंच असतं. तो तुमच्या शब्दांना उत्तर देतोय. मनातलं तुम्ही त्याला कळूच दिलेलं नाही.

पत्रात आणखी एक वाक्य असंच घाईत उरकलंय. 'यांना दवाखान्यात पोचवायला उशीर झाला.' उशीर का झाला ते तुम्ही लिहिलं नाही, मीही विचारत नाही. पण ती रात्र तुमच्या मुलालाही आठवत असणार. मोठ्या हॉटेलच्या दारापर्यंत गाडी येते, गल्लीतल्या लॉजच्या दारापर्यंत येत नाही. त्याचे साडेसहा हजार त्या दारासाठी आहेत, असं मला राहून राहून वाटतं. 'आपल्याला काय कमी आहे' हे वाक्य ऐकायला प्रतिष्ठेचं आहे, पण त्याच्या तळाशी धास्ती असेल. माझा अंदाज चुकीचाही असू शकेल, त्यालाच विचारा. पण मायलेकांनी एकमेकांना न सांगितलेल्या या दोन गोष्टी समोरासमोर आल्याशिवाय हॉटेलचा निकाल लागणार नाही, आणि लागला तरी एकाच्या मनात सल राहील.

आता जागेचं बघू. कॅन्टोन्मेंट म्हणजे रेल्वे स्टेशनाच्या पलीकडचा भाग. रुंद रस्ते, झाडं, शांतता. तिथून घाट पाच-सहा किलोमीटर, आणि बनारसच्या गर्दीत हे अंतर कधी वीस मिनिटांचं असतं, कधी तासाभराचं. रिक्षा सोडणार गोदौलिया चौकात किंवा मैदागिनला. तिथून पुढे पायीच. काशी गंगेच्या पश्चिम काठावर आहे, नदी इथे उत्तरेकडे वाहते, आणि सूर्य समोरच्या रिकाम्या वाळवंटावर उगवतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्योदय साडेसहाच्या सुमारास. तो घाटावरून पाहायचा तर कॅन्टोन्मेंटमधून पाचला तरी निघायला हवं. एक दिवस जमेल, दोन दिवस जमेल, तिसऱ्या दिवशी मैत्रीण म्हणेल, आज राहू दे. आणि एकदा घाटावर आलात की दुपारी पाठ टेकायला परत जाता येत नाही. संध्याकाळच्या आरतीपर्यंत दिवस तसाच काढावा लागतो. गल्लीत उतरलात तर पहाटे जाऊन या, न्याहारी करून पडा, दुपारनंतर पुन्हा जा. दुखऱ्या गुडघ्याला सोसवेल असा दिवस हाच आहे. मोठं हॉटेल म्हणजे सोय आणि लॉज म्हणजे हाल, अशी विभागणी तुम्ही दोघांनीही मनात करून टाकली आहे. ती इतकी सरळ नाही.

नाशिककराला तर हे वेगळं सांगायला नको. पंचवटीत रामकुंडाजवळ उतरलेला यात्रेकरू आणि कॉलेज रोडच्या हॉटेलात उतरलेला यात्रेकरू, दोघं एकाच गावी आलेले असतात, पण पहाटेचं गोदाकाठचं नाशिक त्यातल्या एकालाच भेटतं.

तुमच्या बाजूलाही एक गोष्ट मला हळूच विचारायची आहे. 'लॉजवर राहिलं तरच यात्रा केल्यासारखं वाटेल' असं तुम्ही लिहिलंय. खरंच? एकनाथमहाराजांनी भागवतावरची टीका १५७३ साली काशीतच पुरी केली, मणिकर्णिकेच्या काठी. त्या काळी महाराष्ट्रातून लोक महिनोन्‌महिने चालत काशीला पोचायचे. ते हाल त्यांच्या वाट्याला आले होते, त्यांनी ते हौसेने मागून घेतले नव्हते. तुम्ही गार पाण्याने अंघोळ केल्याने किंवा भारतीय पद्धतीच्या संडासात गुडघा मोडून बसल्याने गंगा जास्त पावणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं की गल्ली घ्या, पण गैरसोय निवडून वेचून घ्या. कुठली सोसायची आणि कुठली अजिबात नाही, हे घरून निघतानाच ठरवा.

आणि ती खोली. ताई, १९९१ ला आता तीस वर्षांहून जास्त काळ लोटलाय. आजचं विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली बांधलं. त्याच्याभोवतीची गल्ल्यांची दाटी तुम्ही पाहिली होती. त्यातली कितीतरी जुनी घरं काढून तिथे मोठं आवार झालं, १३ डिसेंबर २०२१ ला त्याचं उद्‌घाटन झालं. देवळापासून गंगेपर्यंत आता सरळ मोकळी वाट आहे. तिथे पोचल्यावर तुम्हाला पहिल्यांदा वाट चुकल्यासारखं होईल. पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट हा उत्तरेकडचा भाग त्यामानाने पुष्कळसा जुन्या वळणाचाच राहिला आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं बिंदुमाधवाचं देऊळ तिथेच आहे, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली मराठी घरंही त्याच बाजूला. पण लॉज असेल, नसेल, असला तर फटीपुढे कुणी मजला चढवला असेल. म्हणून तीच खोली मिळवण्याच्या मागे लागू नका. दुसऱ्या लॉजवर उतरा आणि एखाद्या सकाळी निवांत ती शोधायला जा. सापडली तर मालकाला सांगा, आम्ही इथे राहिलो होतो. खिडकी उघडून दाखवायला कुणी नाही म्हणणार नाही. नाही सापडली तर त्या दिवशी मैत्रीण बरोबर असू द्या.

मी स्वतः एका जानेवारीत दशाश्वमेध रस्त्यामागच्या गल्लीत लॉजवर राहिले आहे, सहा रात्री. खोली दहा बाय आठची. एक पलंग, एक प्लास्टिकची खुर्ची, भिंतीत कोनाडा, त्यात आधीच्या कुणीतरी ठेवलेली अर्धी उदबत्तीची पुडी. गच्चीला वरून-बाजूने लोखंडी जाळी. माकडांसाठी आहे हे मला दुसऱ्या दिवशी टॉवेल गेल्यावर समजलं. गरम पाणी सकाळी सहा ते आठ, बादलीने. जिन्याची एकेक पायरी वीतभर उंच आणि मधे झिजून खोलगट झालेली, तिथे पाय कसा टाकायचा हे पायाला शिकावं लागतं. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. अडीचच्या सुमाराला खालून 'राम नाम सत्य है' गेलं, पावलं भराभर, बांबूचा कुरकुर आवाज, मग पुन्हा सामसूम. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे जाणारी वाट होती ती. तिसऱ्या रात्री तोच आवाज आला तेव्हा मी कूस बदलून झोपले. हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण यजमान जाऊन दोन वर्षंच झाली आहेत. मणिकर्णिकेच्या वाटेवरची खोली घ्यायची की नाही, ते मनाला नीट विचारून ठरवा. कुणाला त्या आवाजाने धीर येतो, कुणाला सगळं पुन्हा उकरून निघतं. पंचगंगेकडच्या आतल्या गल्ल्या त्या वाटेपासून थोड्या दूर आहेत.

त्याच मुक्कामात मी फसलेही. खोलीचा फोटो पाहून पैसे भरले होते, फोटोत नदी होती. माझ्या खोलीची खिडकी जिन्यात उघडत होती. काउंटरवरच्या मुलाने मान खाली घातली, म्हणाला, फोटो वरच्या मजल्यावरचा आहे. तेव्हापासून मी फोटोवर जात नाही. ज्या खोलीत झोपायचंय त्याच खोलीत उभं राहून, दार ते खिडकी ते न्हाणीघर असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर मागवते आणि खोलीचा नंबर लिहून घेते. आता लॉजवाल्यांना याची सवय आहे, कुणी वाईट मानत नाही. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नये.

फोनवर बोलताना सगळ्यात आधी विचारायचं ते भाडं नव्हे. गल्लीपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, ते मोजून सांगायला सांगा. 'बस, थोडीसी है माताजी' हे उत्तर धरू नका. दुसरं, कमोड आहे का आणि तो खोलीतच आहे का. तिसरं, रात्री खालचं दार किती वाजता बंद होतं आणि किल्ली कुणाजवळ असते. हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. जुन्या घरांची लॉजेस झालेली आहेत, जिना एकच असतो, आणि रात्री दहा-अकराला खालच्या जाळीला आतून कुलूप लागतं. तुम्हाला पहाटे पाचला बाहेर पडायचंय, तेव्हा कुणाला उठवायचं? त्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं किंवा कुठे ठिणगी पडली तर ते कुलूप कोण उघडणार? किल्ली घेऊन माणूस जिन्याशीच झोपतो, असं उत्तर आलं तर ठीक. 'मालक घरी घेऊन जातात' असं आलं तर ती जागा सोडा, मग खिडकीतून अख्खी गंगा दिसत असली तरी. पोचल्यावर खोलीची कडी आतून नीट लागते ना, तेही सामान टेकवण्याआधी बघून घ्या.

या तीन गोष्टींत तडजोड नको. बाकी लिफ्ट नाही, टीव्ही नाही, खोलीत जेवण येत नाही, चादर जुनाट आहे, यांचं काही वाटून घेऊ नका. स्वतःच्या दोन चादरी आणि एक जाड शाल न्या. डिसेंबरात रात्री चांगलाच गारठा असतो आणि साध्या लॉजवरच्या रजईला आपली चादर आतून लावली की मनही निवतं. टॉर्च न्या, ओडोमॉस न्या. चाकांची बॅग नका नेऊ. त्या फरसबंदीवर शेण, पाणी आणि उंचसखल दगड असतात, चाकं फिरत नाहीत आणि बॅग शेवटी हातातच धरावी लागते. खांद्याला अडकवायची एकच पिशवी, आपल्याला दोन मजले चढवेल एवढीच. जेवणाची चिंता तर अजिबात नको. सकाळी कचोरी-जिलबी, आणि तुम्ही जाताय त्या थंडीतच तिथे मलइयो मिळतं, दुधाच्या फेसाचं, केशर घातलेलं. जिभेवर ठेवेपर्यंतच असतं ते. ऊन चढायच्या आत खायला हवं.

स्टेशनवर रिक्षावाला सांगेल की तुमचं लॉज बंद पडलं, किंवा भरलंय, मी चांगलं दाखवतो. ही फार जुनी चाल आहे, दुसऱ्या ठिकाणी नेलं की त्याला दलाली मिळते. त्याच्याशी वाद घालू नका. लॉजवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मैदागिनला माणूस पाठवा, आम्ही तिथे पोचून फोन करू. पाच-पन्नास रुपये त्या मुलाच्या हातावर ठेवा, तो पिशव्याही घेईल आणि वाटही दाखवेल. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर जाताना वळणांवरच्या खुणा मनात धरा: पाणपोई, शिंप्याचं दुकान, दगडी नंदी. त्या गल्ल्यांत मोबाइलचा नकाशा गोंधळतो. नाशिक रोडहून महानगरी एक्स्प्रेस सरळ बनारसला जाते, त्यामुळे जाण्याचा प्रश्न नाही. पण डिसेंबर जसजसा सरकतो तसं तिकडे धुकं धरतं आणि गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. परतीनंतरचा एक दिवस मोकळा ठेवा, कुणाला शब्द देऊ नका.

आणि मुलाच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर. तुम्हाला रात्री काही झालं तर काय? याला 'काही होत नाही रे' हे उत्तर नाही. त्याच्या जिवाला घोर आहे, तो असल्या उत्तराने जात नाही. मैदागिनपासून जवळच कबीरचौऱ्याला शिवप्रसाद गुप्त यांच्या नावाचं सरकारी रुग्णालय आहे, गोदौलियाला मारवाडी हॉस्पिटल आहे. मोठा दवाखाना म्हणजे हिंदू विश्वविद्यालयाचं सर सुंदरलाल रुग्णालय, पण ते शहराच्या दक्षिण टोकाला. गाडी येते त्या रस्त्यापासून पाच-सात मिनिटांच्या आत पोचता येईल असंच लॉज निवडा. तेवढं अंतर गल्लीतली माणसं खुर्चीत बसवूनही नेतात. निघण्याआधी डॉक्टरांना गुडघा आणि बीपी दोन्ही दाखवा. गोळ्यांची चिठ्ठी मैत्रिणीच्या पर्समध्येही असू द्या. लॉजचा आणि मैत्रिणीचा नंबर मुलाकडे. सकाळी आठला आणि रात्री नऊला तुमचा फोन, न चुकता. हे सगळं कागदावर लिहून त्याला पाठवा. त्याला दिसू दे की आई भावनेच्या भरात निघालेली नाही.

डॉक्टर म्हणाले की जिने नकोत, तर? मग गल्लीचा हट्ट सोडा, पण लगेच कॅन्टोन्मेंटला जायचंही कारण नाही. अस्सी घाटाच्या बाजूला गाडी बऱ्यापैकी जवळ येते, तिथे तळमजल्यावर खोली मिळू शकते, आणि पंचगंगेला सकाळी नावेने जाता येतं. नावेतून सगळे घाट ओळीने समोरून जातात, शिंदे घाट, भोसले घाट, मग पंचगंगा. तसं पाहिलं तर पंचगंगेच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. लॉज कुठेही असो, त्या पायऱ्या दिवसातून एकदाच, आणि कुणाचा तरी हात धरून.

मला विचाराल तर सात रात्रींतल्या पहिल्या पाच गल्लीत काढा आणि शेवटच्या दोन मुलाच्या हॉटेलात. आधी थकवा नाही, उत्साह आहे, तेव्हा गल्ली. नंतर परतीच्या प्रवासाआधी गरम पाणी, लिफ्ट, मऊ गादी. आणि तिसऱ्याच दिवशी गुडघ्याने साथ सोडली तर तिसऱ्याच दिवशी हॉटेलात जा, त्यात हार मानल्यासारखं काही नाही. मुलाची समजूत काढण्यासाठी मी हे सुचवत नाही. तुमच्या शरीराचा विचार करूनच सुचवते. पण त्यात त्याच्यासाठीही एक जागा आहे. तो कधी काशीला गेलाय का? पत्रात तसा उल्लेख नाही. त्या शेवटच्या दोन दिवसांत त्यालाच बोलवा. पुण्याहून शनिवार-रविवार साधून येईल. दुपारी त्याला गल्लीत घेऊन जा, बाबा कुठे उभे राहायचे ते दाखवा.

अशीच पत्रं मला मुलांकडूनही येतात: आई पंढरपूरला मठातच उतरायचं म्हणते, बाबांना पणजीला फोंतेन्यासमधल्या जुन्या खोलीतच राहायचंय, आम्ही एवढं चांगलं हॉटेल बघून दिलं तरी. त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. एकदा विचारा की तिथे काय आहे. आणि उत्तर 'काही नाही, उगीच' असं आलं तर थोडं थांबून पुन्हा विचारा.

'काशीस जावे नित्य वदावे' असं आपल्याकडे म्हणतात. तुम्ही तीसेक वर्षं ते मनात म्हणत आलात. आता मुलाला मोठ्याने सांगा. फोन रविवारी सकाळी करा, तो घाईत नसेल तेव्हा. पैशांचा विषय काढूच नका. म्हणा, 'तू खोली घेतलीस ते मला फार बरं वाटलं. शेवटचे दोन दिवस मी तिथेच राहणार आहे आणि तू यायचंयस. आधीचे पाच दिवस मला घाटाजवळ राहायचंय, कारण तिथल्या एका खिडकीत तुझे बाबा सकाळचा चहा प्यायचे.' मग गप्प बसा. त्याला बोलू द्या. तो बाबांच्या त्या रात्रीबद्दल काही बोलला तर मधे तोडू नका. पहिल्या पाच रात्रींचं बुकिंग कधीपर्यंत रद्द करता येतं, ते त्यालाच बघायला सांगा.

आणि लॉजवाल्याकडून खोलीचा व्हिडिओ आला की तो त्यालाही पाठवा.